पोचल्याचं पत्र

अमावास्येला प्रवासाला निघू नये, हा आमच्या आजीचा कायदा. निघायचंच झालं तर निदान भर बाराला तरी उंबरठा ओलांडू नये, हे त्याचं पोटकलम. मुहूर्त अगदीच अडचणीचा असला तर त्यावर तोडही तिच्याकडे तयार असे: आदल्या दिवशी बरी वेळ बघून प्रवासाची पिशवी शेजारच्या घरी नेऊन ठेवायची. याला प्रस्थान ठेवणं म्हणत. पिशवी निघाली म्हणजे माणूस निघाला असा हिशेब. मग अमावास्येने खुशाल डोळे वटारावेत.

२५ जून २०२५ रोजी ज्येष्ठ अमावास्या होती. त्या दिवशी आपल्याकडच्या घड्याळात दुपारचे बारा वाजून एक मिनिट झालेलं असताना फ्लोरिडातल्या केनेडी अंतराळ केंद्रावरून फाल्कन-९ रॉकेट चार माणसांना घेऊन आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे सुटलं. चंद्रावर पहिली माणसं गेली ती याच ३९-ए तळावरून. चौघांत एक ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला, भारतीय हवाई दलाचे वैमानिक, राहणार लखनौ, घरचं लाडाचं नाव गुंजन. अमावास्या आणि भर दुपार, दोन्ही एकदम साधलं होतं. प्रस्थान मात्र रीतसर ठेवलेलं होतं. कुणाचा खोकला, कुणाची सर्दी वर जाऊ नये म्हणून मंडळी जवळजवळ महिनाभर विलगीकरणातच राहत होती. फ्लोरिडात त्या वेळी रात्रीचे अडीच वाजले होते, ही पळवाट आजीने मान्य केली नसती. पंचांग जिथे छापतात तिथलीच वेळ खरी, असं तिचं मत होतं.

मुहूर्त हुकण्याची हौस तर या उड्डाणाने पुरेपूर भागवून घेतली. आधी मे महिन्याची २९ तारीख होती. मग ८ जून, १० जून, ११ जून. कधी हवा वाईट, कधी रॉकेटमध्ये द्रवरूप ऑक्सिजनची गळती, ती बुजवावी तर स्थानकाच्या रशियन बाजूला, झ्वेज्दा नावाच्या भागात, हवा गळते की काय याची शंका. पुढे १९, मग २२. वर्तमानपत्रात तिसऱ्यांदा ‘उद्या’ वाचलं तेव्हा आमच्या घरात कुणी मान वर करून पाहिलंही नाही. लग्न चार वेळा पुढे गेलं की वऱ्हाडाचा उत्साह जसा आटतो, तसंच झालं होतं. आणि अखेर निघाले ते नेमके अमावास्येला.

उड्डाण पाहायला सगळा देश बसला. लखनौच्या ज्या शाळेत ते शिकले, तिच्या सभागृहात मोठ्या पडद्यासमोर आईवडील बसले होते, मागे मुलं झेंडे घेऊन. आग, धूर, गडगडाट, टाळ्या, आईच्या डोळ्याला लागलेला पदर. दूरचित्रवाणीला हवं ते सगळं त्या दहा मिनिटांत असतं. रॉकेट वर जातं आणि वाहिन्या दुसऱ्या बातमीकडे वळतात.

माझं लक्ष मात्र दुसऱ्या दिवशीच्या दुपारकडे होतं. आमच्या घरात निघण्याचा सोहळा कधीच नव्हता. हातावर दही दिलं, नमस्कार केला, झालं. सोहळा होता तो पोचल्याच्या पत्राचा. वडील परगावी निघालेल्या प्रत्येकाच्या हातात एक पिवळसर पोस्टकार्ड ठेवत. पत्त्याची बाजू त्यांनी स्वतःच्या टपोऱ्या अक्षरांत आधीच भरलेली. मजकुराच्या बाजूला वर फक्त ‘श्री’ आणि खाली ‘सुखरूप पोचलो’ एवढे दोन शब्दही त्यांनीच लिहून ठेवलेले. जाणाऱ्याने फक्त तारीख घालायची आणि स्टेशनाबाहेरच्या लाल पेटीत टाकायचं. कामाचं काय झालं, मुलगी पसंत पडली का, हे सगळं मागाहून. ते कार्ड येईपर्यंत आई पोस्टमनच्या वेळेला दारात काहीतरी काम काढून उभी असे. कार्ड आलं की ते देवापाशी ठेवलं जाई आणि घराचा श्वास सुटे.

आपल्या माणसाचं स्थानकावर पोचणं देश साजरा करतो, ते या कार्डाच्या जातीचं आहे, असं मला वाटतं. त्यात विजयाचा भाग असतो, अभिमानाचाही असतो. पण तळाशी असतो तो हा सुटलेला श्वास. वरचा नगारा काढून टाकला तर खाली हेच दोन शब्द उरतात.

२६ जूनला गुरुवार होता, आषाढाचा पहिला दिवस. आपल्याकडे हा कालिदास दिन. विरही यक्षाने मेघाकरवी निरोप धाडला तो याच दिवशी, आणि तोही आपल्या रामटेकवरून, असं विदर्भातली माणसं तरी ठामपणे सांगतात. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पंढरीच्या वाटेवर होत्या. पुण्यात आभाळ भरलेलं. दुपारी साडेतीनला मी इस्त्रीचे कपडे आणायला खाली गेले, तर आमच्या सोसायटीचा इस्त्रीवाला कोळशाची इस्त्री उभी करून, मोबाइल कपड्यांच्या गठ्ठ्याला टेकवून पाहत बसलेला. हा मूळचा उन्नावकडचा. उन्नाव म्हणजे लखनौच्या शेजारचाच जिल्हा. वीस-पंचवीस वर्षं पुण्यात काढल्यामुळे मराठी बोलतो, पण चालीवर अवधीची छाप आहे.

“ताई, आपला मुलगा पोचत नाही अजून,” तो म्हणाला. ‘आपला’ म्हणजे लखनौचा की भारताचा, हे मी विचारलं नाही.

मीही तिथेच स्टुलावर टेकले. पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर एक पांढरं बोंड. मधे अधिकचं चिन्ह आखलेलं. कोपऱ्यात आकडे बदलत होते: अंतर किती, वेग किती. चारशे मीटर, मग दोनशेवीस, मग वीस. प्रत्येक टप्प्यावर थांबा. थांबून पुन्हा तपासणी, खालून होकार, मग पुढे. स्थानक आणि यान दोघेही तासाला सुमारे अठ्ठावीस हजार किलोमीटर वेगाने धावत होते. आपण ज्याला उभं समजत होतो ते दीड तासात पृथ्वीला प्रदक्षिणा घालत होतं. तरी एकमेकांच्या दृष्टीने दोघांचा वेग मुंगीच्या चालीचा, शेवटी सेकंदाला काही सेंटिमीटर. एवढ्या वेगात धावत असताना एकमेकांशी इतकं सावकाश वागायचं, यातच या विद्येचं सारं मर्म आहे. आणि हे सगळं यान आपलं आपण करत होतं. आतल्या चौघांनी फक्त लक्ष ठेवायचं, काही बिनसलं तरच हात घालायचा.

“गाडी फलाटाला लागते तसं नाही हे,” इस्त्रीवाला जाणकारपणे म्हणाला, “फलाट पण पळतोय.”

मला एवढं नेमकं सांगता आलं नसतं.

चार वाजून एक मिनिटाने यानाचं तोंड स्थानकाच्या हार्मनी नावाच्या भागाला, आकाशाकडच्या बाजूने, टेकलं. ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी. आधी नुसता हलका स्पर्श, धक्का जिरवणारी कडी धरते तो. मग बारा आकडे एकेक करून आवळले जातात आणि दोन वस्तूंची एक होते. पडद्यावर काही घडलं असं वाटतही नाही. केनेडी केंद्रावरून सुटल्याला साधारण अठ्ठावीस तास झाले होते. इस्त्रीवाल्याने हात जोडले, मोबाइल बंद केला आणि इस्त्रीत कोळसा घातला.

पण पोचणं एवढ्यावर संपत नाही. दार उघडायला आणखी पावणेदोन तास लागले. दोन्ही बाजूंची हवा सारखी झाली पाहिजे, सांध्यातून कुठे गळत नाही याची खात्री झाली पाहिजे. वाहिन्यांना हे फार जड गेलं. निवेदक स्टुडिओत उभे राहून हातवारे करत होते, मागे संगणकाने बनवलेलं स्थानक गरगरत होतं, आणि ‘थोड्याच वेळात’ ही पट्टी तासभर तशीच. मला तो वेळ आवडला. सासरच्या दारात माप ओलांडण्याआधी नवरीला जो थोडा वेळ उभं राहावं लागतं, आत ओवाळणीचं तबक शोधण्याची धावपळ चालते, त्या वेळाचं कोणी छायाचित्र काढत नाही.

पावणेसहाच्या सुमारास दार उघडलं आणि चौघे तरंगत आत आले. यजमान सात जण: तीन अमेरिकी, तीन रशियन आणि स्थानकाचे त्या वेळचे प्रमुख ताकुया ओनिशी, जपानचे. खाली रशिया आणि अमेरिका एकमेकांशी धड बोलत नव्हते. वर सातही जण दारात दाटीने उभे होते, जमेल तसे एकमेकांना धरून. मिठ्या झाल्या. पाहुण्यांना प्यायला दिलं गेलं. मग यानाच्या कमांडर पेगी व्हिटसन यांनी, ज्यांनी अंतराळात इतर कुठल्याही अमेरिकी माणसापेक्षा जास्त दिवस काढलेत, शुक्लांना अंतराळवीराचं छोटं पदक लावलं. अंतराळात गेलेल्या माणसांच्या यादीत त्यांचा क्रमांक सहाशे चौतिसावा. शुक्लांनी सांगितलं की डोकं जरा जड आहे. पहिल्या दिवशी रक्त डोक्याकडे चढतं, तोंड सुजतं, पोट ढवळतं. इतक्या मोठ्या दिवशी माणसाने ‘डोकं जड आहे’ असं सांगावं, हे मला सगळ्या भाषणांपेक्षा आवडलं.

आपला माणूस असा स्थानकावर पोचण्याचं यापूर्वी एकदाच झालं होतं, आणि त्याचाही मुहूर्त मला पंचांगावरून आठवतो. १९८४ साली गुढीपाडवा २ एप्रिलला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, गुढीची काठी अजून जिन्याच्या कोपऱ्यात उभी असताना, कझाकस्तानातल्या बैकोनूरहून सोयुझ टी-११ उडालं. त्यात युरी मालिशेव, गेन्नादी स्त्रेकालोव आणि स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा. चार तारखेला रात्री ते सल्यूत-७ या सोव्हिएत स्थानकाला लागले. वाड्यात टीव्ही एकट्या मालकांकडे. दिवाणखान्यातल्या सतरंजीवर आम्ही मुलं पुढे, बायका मागे, पुरुष दाराच्या चौकटीला टेकून. पडद्यावर मुंग्यांचा पाऊस. त्यात इंदिरा गांधी दिसल्या, त्यांनी वरून भारत कसा दिसतो असं विचारलं, आणि राकेश शर्मांनी इक्बालच्या ओळीने दिलेलं उत्तर पुढे साऱ्या देशाला पाठ झालं. आमच्यातल्या निम्म्यांना ते पहिल्या झटक्यात ऐकूच आलं नव्हतं. मोठी माणसं हसली आणि टाळ्या वाजल्या म्हणून आम्हीही वाजवल्या. ‘काय म्हणाले?’ ‘काय म्हणाले?’ हे नंतर पाच मिनिटं मागच्या रांगेपर्यंत जात होतं.

म्हैसूरच्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेने राकेश शर्मांसाठी शिरा, पुलाव असं खाणं डबाबंद करून दिलं होतं. ते वर योगासनं करणार होते, वजनहीन अवस्थेत स्नायूंवर त्याचा काय परिणाम होतो ते पाहायला. आम्ही मुलांनी आठवडाभर अंगणात शीर्षासनं केली. सात दिवस, एकवीस तास आणि चाळीस मिनिटं अंतराळात काढून ते ११ एप्रिलला परतले. पुढे हे शर्मा हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये गेले आणि १९८७ ते ९२ नाशिकजवळ ओझरला मुख्य चाचणी वैमानिक होते. मराठी मुलखाशी त्यांचा संबंध त्याहून जुना आहे. ते खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे विद्यार्थी. शुक्लाही तिथलेच. पुण्याहून सिंहगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर धरणाच्या भिंतीशी थांबून आपण भुट्टा खातो तेव्हा पलीकडे ज्या टेकड्या दिसतात, तिथे या दोघांनी पहाटेच्या कवायती केल्या. याचा अभिमान पुणेकराने बाळगावा का? बाळगावा, थोडा. पुणेकराला सवय आहे.

या दोन पोचण्यांमध्ये एक्केचाळीस वर्षं गेली. इतकी का गेली, हे फारसं कोणी विचारत नाही. १९८६ साली इन्सॅट-१सी हा आपला उपग्रह अमेरिकी स्पेस शटलमधून सोडायचा होता आणि त्याच्याबरोबर एका भारतीयाने जायचं होतं. एन. सी. भट आणि पी. राधाकृष्णन, इस्रोचे दोन अभियंते त्यासाठी निवडलेलेही होते. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर उड्डाणानंतर त्र्याहत्तराव्या सेकंदाला फुटलं, सात जण गेले, आणि आपली ती सहल तिथेच संपली. मधल्या काळात कल्पना चावला गेल्या, सुनीता विल्यम्स गेल्या. त्या अमेरिकेच्या, तरी चावलांच्या कर्नालने आणि विल्यम्स यांच्या वडिलांच्या झुलासणने त्या आपल्याच मानल्या. पोचल्याच्या कार्डाची वाट पाहून ते न येणं म्हणजे काय, हे कर्नालला १ फेब्रुवारी २००३ ला कळलं, चावलांना परत आणणारं कोलंबिया यान उतरायला अवघी सोळा मिनिटं उरली असताना. तेव्हापासून मी ‘उड्डाण यशस्वी’ या मथळ्यावर कधी पूर्ण विश्वास ठेवलेला नाही.

आता थोडं तिकिटाविषयी. इस्त्रीवाल्यानेही हाच प्रश्न विचारला होता: “ताई, भाडं किती पडलं?” शुक्लांची जागा आपण विकत घेतलेली होती. ॲक्सिअम या खासगी कंपनीची मोहीम, स्पेसएक्सचं रॉकेट आणि यान, अमेरिकेचा तळ. आपल्या तिजोरीतून सुमारे साडेपाचशे कोटी गेले. १९८४ ला सोव्हिएत संघाने मैत्रीखातर नेलं, २०२५ ला पैसे मोजले. ‘दुसऱ्याच्या गाडीत बसून गेला, त्यात काय मोठंसं,’ हे वाक्य त्या आठवड्यात मी बँकेच्या रांगेतही ऐकलं आणि एका विद्वान गृहस्थांच्या तोंडूनही. मला ते पटत नाही. भाड्याच्या गाडीने गेलेला माणूसही पोचतोच. आणि हे भाडं शिकवणीचं होतं. गगनयान नावाचं आपलं यान तयार होतं आहे. त्यात बसणाऱ्याने एकदा खऱ्या स्थानकात राहून, झोपून, आजारी पडून, दुसऱ्या देशांच्या माणसांशी जुळवून घेऊन पाहिलेलं असावं, यात कमीपणा कसला? कमीपणा असेल तर तो त्या दिवशी काही निवेदकांनी जणू रॉकेटही आपणच बांधलं अशा थाटात केलेल्या आरडाओरडीचा.

गंमत अशी, की व्हिटसन सोडून त्या कुपीत बसलेले बाकीचे तिघेही या बाबतीत एकाच माळेचे मणी होते. आपले शुक्ला, पोलंडचे स्लावोश उझ्नान्स्की-विश्न्येव्स्की आणि हंगेरीचे तिबोर कापू. पोलंडचा पहिला अंतराळवीर मिरोस्लाव हेर्माशेव्स्की १९७८ ला गेला, हंगेरीचा बेर्तालान फार्काश १९८० ला, आपले शर्मा ८४ ला. तिघेही सोव्हिएत यानातून, इंटरकॉसमॉस या एकाच योजनेखाली. आणि चाळीसेक वर्षांनी तिन्ही देशांचा पुढचा माणूस एकाच यानातून एकाच मिनिटाला स्थानकाला लागला. म्हणजे आपण पेढे वाटत होतो तेव्हा वॉर्सा आणि बुडापेस्टमध्येही कुणाच्या तरी आईच्या डोळ्याला पाणी होतं. आपल्या वाहिन्यांवर याचा उल्लेख शोधावा लागे. शुक्लांनी गाजर हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस नेला. पोलिश गड्याने पिएरोगी, म्हणजे मैद्याच्या पारीत सारण भरून उकडतात ते. आमच्या सोसायटीत चर्चा झाली ती आमरस हापूसचा की दशहरीचा, एवढ्यावरच.

पोलंडचं नाव आलं म्हणून एक आडवळण घेते. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं होती. त्यांतली काही मुलं म्हातारी होऊन पुन्हा कोल्हापूर बघायला आली. सैबेरियातून निघून, अर्धं जग ओलांडून पंचगंगेकाठी पोचलेल्या त्या बायकांनी सुखरूप पोचल्याचं पत्र कुणाला लिहिलं असेल? मागे घरी लिहायला बहुतेकींचं घरच उरलं नव्हतं. एक पोलिश आणि एक भारतीय खांद्याला खांदा लावून स्थानकात शिरले, तेव्हा मला वळिवड्याची आठवण झाली, इतकंच.

शुक्ला तिथे अठरा दिवस राहिले. इस्रोने दिलेले सात प्रयोग त्यांच्याकडे होते. स्नायू का झिजतात, सूक्ष्म शैवाल वर कसं वाढतं, ‘जलअस्वल’ म्हणून ओळखला जाणारा चिवट सूक्ष्मजीव तिथे कसा तगतो, असे. पण मराठी बाईच्या कानाला गोड लागावा असा एक होता: मूग आणि मेथीला मोड आणण्याचा. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने तो आखला होता. बशीत बी, त्यावर थोडं पाणी, आणि मग वाट पाहायची. मग ते मोड गोठवून परत आणायचे. वजन नसेल तर मुळाने खाली जायचं म्हणजे कुठे जायचं, हा प्रश्न मी रोज फडक्यात मूग बांधताना स्वतःला कधी विचारला नव्हता. १५ जुलैला शुक्ला सॅन दिएगोजवळच्या समुद्रात उतरले, आपल्या घड्याळात दुपारी तीनला, आणि घरच्यांना खरं पोचल्याचं पत्र मिळालं ते तेव्हा.

मला मनापासून एक खंत आहे ती सांगते. त्याच वर्षी १६ जानेवारीला आपण स्वतः, कुणाच्याही मदतीविना, हेच जोडण्याचं काम करून दाखवलं होतं. स्पाडेक्स. प्रत्येकी सुमारे दोनशेवीस किलोचे दोन उपग्रह, ३० डिसेंबर २०२४ ला श्रीहरीकोटाहून सोडलेले. ७ जानेवारीला जोडायचे ठरले, पुढे ढकललं; ९ ला ठरलं, पुन्हा ढकललं. १२ तारखेला त्यांना तीन मीटरपर्यंत जवळ आणलं, आणि परत मागे घेतलं. हातातोंडाशी आलेलं असं सोडून मागे सरायला केवढा संयम लागत असेल! चार दिवसांनी ते जोडले गेले. अमेरिका, रशिया, चीन आणि मग आपण. चौकात कुणी फटाके लावले नाहीत. आमच्या इस्त्रीवाल्याला त्याची खबरही नव्हती. कारण उघड आहे: त्या डब्यांत कुणी बसलेलं नव्हतं. लखनौ, उन्नाव, कर्नाल असं कुठलंच गाव त्यांची वाट पाहत नव्हतं. उद्या आपलं स्वतःचं स्थानक उभं राहील, सरकारने २०३५ म्हटलं आहे, ते मात्र जानेवारीतल्या त्या बिनमाणसांच्या भेटीवरच उभं राहील. जून साजरा करणाऱ्याने जानेवारी विसरू नये.

आणि विसरू नये असं आणखी एक. राकेश शर्मांबरोबर मॉस्कोजवळच्या स्टार सिटीत प्रशिक्षणाला विंग कमांडर रवीश मल्होत्रा होते. वयाने आणि हुद्द्याने मोठे. तीच रशियन भाषा, तेच गरगर फिरवणारं यंत्र, तीच बर्फातली कवायत, तेच शेकडो बटणांचं पाठांतर. शेवटच्या घटकेपर्यंत दोघांपैकी कुणीही जाऊ शकला असता. गेले शर्मा. मल्होत्रांनी बैकोनूरला जमिनीवर उभं राहून वर पाहिलं. २०२५ मध्ये ही जागा ग्रुप कॅप्टन प्रशांत बालकृष्णन नायर यांची होती. शुक्लांच्या बरोबरीने सगळं शिकले, सगळ्या तपासण्यांतून गेले. राखीव माणसाचं काम मोठं विचित्र असतं. मित्राला ताप येऊ नये म्हणून मनापासून प्रार्थना करायची, आणि आलाच तर त्याच्या खुर्चीत बसायला त्याच्याइतकंच तयार असायचं. तुमची सारी विद्या वापरावी लागली नाही, हेच तुमच्या कामाचं यश. कार्ड लिहायला तुमच्या हाती काही नसतं. सुखरूप पोचलो म्हणायला तुम्ही निघालेलेच नसता.

वाड्यात १९८४ च्या त्या रात्री मालकांनी साखर वाटली होती. शर्मांच्या नावाने वाटली. मल्होत्रांचं नाव कुणी घेतलं नव्हतं. मला ते पुढे शाळेत, सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत कळलं, तेही ‘यांपैकी कोण अंतराळात गेले नाहीत?’ अशा प्रश्नात.

गगनयानासाठी जे चौघे तयार केले आहेत, त्यांची नावं २७ फेब्रुवारी २०२४ ला थुंब्यात जाहीर झाली: प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप, शुभांशु शुक्ला. यांच्यापैकी कोणी आपल्या यानातून, आपल्या तळावरून वर जाईल तेव्हा तुम्ही पेढे वाटाल, वाटायलाच हवेत. तिथी बघू नका. फक्त त्या दिवशी राखीव कोण होतं, ते विचारून घ्या, आणि एक पेढा त्यांच्या नावाने वाटा.